बिघडलेला आवाज आणि मोजणारं यंत्र



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी साठ-सत्तर मुलांचे वर्ग उभ्या नोकरीत माइकशिवाय सांभाळले, असं संयोजकांनी मला फोनवर सांगितलं. माझा पेशा स्पीच थेरपिस्टचा. त्यामुळे कौतुक वाटायच्या आधी मी हिशेब करायला बसले. स्त्रीचा बोलण्यातला आवाज साधारण 200 ते 220 हर्ट्झचा असतो, म्हणजे गळ्यातले दोन स्वरतंतू सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा एकमेकांना येऊन भिडतात. फळ्यावर लिहिणं, श्वास घेणं, मुलांची उत्तरं ऐकणं हे सगळं वजा करून दिवसाला निव्वळ आवाज काढण्याचा वेळ सव्वा तास धरला, तरी 220 च्या दराने ही टक्कर 9 लाख 90 हजार वेळा होते. आवाज बसलेल्या शिक्षिका ओपीडीत येतात तेव्हा त्यांना ‘थोडं कमी बोला’ असं सांगणारे आम्ही लोक किती भाबडे असतो, ते यावरून लक्षात यावं.

आजचा विषय असा, की हा बिघडलेला आवाज यंत्राला ऐकवला तर यंत्र रोगाचं निदान करील का. गेल्या दहा-पंधरा वर्षांत याबद्दल इतकं छापून आलंय, की रुग्णही विचारतात, ‘मॅडम, मोबाइलवर होतं ना आता ते?’ माझं उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला तासभर ताटकळावं लागणार नाही. आवाज बिघडलाय हे यंत्राला बऱ्यापैकी कळतं. किती बिघडलाय हे अनेकदा माझ्या कानापेक्षा बरं कळतं. का बिघडलाय हे कळत नाही. आणि डॉक्टर निदान म्हणतात ते या ‘का’ला.

कानाची बाजू आधी घेऊ. मॅन्युएल गार्सिया हा गाणं शिकवणारा स्पॅनिश उस्ताद. 1841 साली पॅरिसमध्ये त्याच्याकडे जेनी लिंड नावाची विशीतली स्वीडिश गायिका आली. अतिश्रमाने आवाज पार गेलेला. गार्सियाने तिचं गाणं ऐकलं आणि काही आठवडे गाणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं. आवाज परत आला आणि पुढे ती युरोपभर गाजली. हे निदान त्याने नुसत्या कानाने केलं, कारण जिवंत माणसाचा गळा आवाज काढत असताना आतून कसा दिसतो हे तोवर बघायची सोय नव्हती. ती त्यानेच करून घेतली. 1854 मध्ये दातांच्या डॉक्टरचा छोटा आरसा घशात धरून, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडून त्याने स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले आणि पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. पुढे हा माणूस 101 वर्षं जगला. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याचा कान एवढा तयार होता, त्यालाही शेवटी आत डोकावून बघावंसं वाटलं.

कानाचं दुखणं असं, की दोन तयार कानांचं एकमत होत नाही. जपानच्या मिनोरू हिरानो यांनी 1981 मध्ये एक साधी गुणपद्धत रूढ केली. एकूण बिघाड, खरखर, श्वास गळणं, दुबळेपणा आणि ताण अशा पाच गोष्टी, प्रत्येकीला 0 ते 3 गुण. आजही आम्ही ती वापरतो. पण लॉस एंजेलिसच्या जोडी क्राइमन आणि ब्रूस गेरॅट यांनी 1990च्या दशकात तपासून पाहिलं, तेव्हा अनुभवी ऐकणारेही एकाच आवाजाला बरेच वेगवेगळे गुण देतात असं दिसलं. आमच्या विभागातही हे रोज घडतं. लागोपाठ तीन फार खराब आवाज ऐकले, की चौथा मध्यम आवाजही बरा वाटायला लागतो. म्हणून आकडा हवा असतो, आणि त्या इच्छेत काहीही गैर नाही.

आता आकडा येतो कुठून ते जवळून बघू.

रुग्णाला आम्ही सांगतो, तुमच्या नेहमीच्या पट्टीत ‘आ’ लावा आणि धरून ठेवा. हा ‘आ’ संगणकाच्या पडद्यावर सारख्या नागमोडी लाटांसारखा दिसतो. प्रत्येक लाट म्हणजे स्वरतंतूंची एक उघडझाप. निरोगी गळ्यातही या लाटा अगदी तंतोतंत सारख्या नसतात, एक थोडी लांब तर पुढची थोडी आखूड. तंतूंवर गाठ आली, सूज आली, एक तंतू दुबळा झाला, की हा फरक वाढतो. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत फिलिप लीबरमन यांनी हा मुद्दा धरला. लाटांच्या लांबीतल्या या थरथरीला जिटर म्हणतात आणि उंचीतल्या थरथरीला शिमर. 1990च्या दशकात जगभर पसरलेल्या एका व्यावसायिक प्रणालीने जिटरची हद्द 1.04 टक्के आणि शिमरची 3.81 टक्के धरली, आणि हे दोन आकडे अजून रिपोर्टांवर छापले जातात.

एक टक्का म्हणजे किती? पुरुषाचा आवाज 125 हर्ट्झ धरा. एक लाट 8 मिलिसेकंदांची. तिचा एक टक्का म्हणजे 80 मायक्रोसेकंद. बऱ्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला 44,100 नमुने घेतले जातात, म्हणजे दर 23 मायक्रोसेकंदांनी एक. ठीक आहे, मोजता येईल. पण जुन्या पद्धतीच्या साध्या फोन कॉलमध्ये सेकंदाला 8,000 नमुने असतात, दर 125 मायक्रोसेकंदांनी एक. मोजायचाय 80 मायक्रोसेकंदांचा फरक आणि पट्टीवरच्या दोन रेघांमध्ये अंतर 125 चं. सॉफ्टवेअर मधल्या जागा अंदाजाने भरून काढतं, पण किती काढणार? त्यात असा कॉल 300 हर्ट्झच्या खालचं जवळपास सगळं कापतो, म्हणजे 125 हर्ट्झचा मूळ सूर त्यात नसतोच.

मग म्हणाल, कॉल नको, मोबाइलच्या रेकॉर्डरवर घेऊ. घ्या. पण मोबाइल आवाज जसाच्या तसा ठेवत नाही. तो आपला आवाज कमीजास्त झाला की आपोआप सारखा करतो, म्हणजे शिमर खातो. मागचा गोंगाट पुसतो, आणि दोन तंतू नीट न मिटल्यामुळे फटीतून गळणाऱ्या हवेचा फुसफुसाट त्याला गोंगाटच वाटतो. आम्हाला जे ऐकायचंय नेमकं तेच तो साफ करून देतो. माझे तरुण सहकारी व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑडिओवरून जिटर काढतात तेव्हा मी त्यांना ओरडते. स्पीच थेरपिस्टने ओरडू नये हे मला मान्य आहे.

याहून मोठी अडचण इंगो टिट्झे यांनी दाखवली. 1994 मध्ये डेन्व्हरला या विषयातले जाणकार बसले आणि पुढच्या वर्षी टिट्झे यांनी त्यांचा अहवाल काढला. त्यात आवाजाचे तीन प्रकार केले. पहिल्यात लाटा जवळपास नियमित असतात. दुसऱ्यात मध्येच लय बदलते, दोन-दोन लाटांच्या जोड्या पडतात. तिसऱ्यात लाट अशी काही ओळखूच येत नाही. जिटर-शिमर फक्त पहिल्या प्रकाराला लावावेत, असं त्यांनी बजावलं, कारण लाटच सापडत नसेल तर तिची लांबी कसली मोजता? म्हणजे बघा, जिटर निरोगी आणि थोड्याशा बिघडलेल्या आवाजात नीट चालतो, आणि आवाज खूप बिघडला की हात वर करतो. तरी सॉफ्टवेअर आकडा देतंच. 9.7 टक्के असं दशांशचिन्हासकट देतं, आणि दशांशचिन्ह दिसलं की माणसाचा विश्वास बसतो.

यातून थोडी वाट निघाली ती भूकंपाच्या अभ्यासातून. 1963 मध्ये बोगर्ट, हीली आणि ट्यूकी यांनी भूकंपाच्या नोंदींत दडलेले प्रतिध्वनी शोधण्यासाठी एक गणिती युक्ती काढली. आवाजात किती कंपनसंख्या आहेत याचा आलेख काढायचा आणि त्या आलेखावरच पुन्हा तेच गणित करायचं. सुरेल आवाजात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा ठरावीक अंतरावर शिखरं येतात, आणि दुसऱ्यांदा गणित केलं की या नियमितपणाचं एकच ठळक शिखर उभं राहतं. शिखर जेवढं उंच तेवढा आवाज नियमित, बसकं झालं की आवाजात हवा किंवा खरखर आहे. 1994 मध्ये जेम्स हिलेनब्रँड आणि सहकाऱ्यांनी हे माप श्वास गळणाऱ्या आवाजांना लावलं. त्याला सीपीपी म्हणतात. एकेक लाट पकडायची गरज नाही, म्हणून ‘आ’ सोडून साध्या बोलण्यावरही चालतं. अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनच्या 2018 च्या शिफारशींतही ते आलं. ॲमस्टरडॅमच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेल्या ‘प्रात’ या मोफत सॉफ्टवेअरवर तुम्हीही घरी काढू शकता. मला विचाराल तर आज आमच्या हातात असलेलं सगळ्यांत भरवशाचं माप हेच.

इथपर्यंत माणूस माप ठरवत होता. पुढे यंत्राला सांगण्यात आलं, की हे निरोगी आवाज, हे आजारी आवाज, फरक तुझा तू शोध. निकाल असे आले की डोळे दिपावेत. 95 टक्के, 98 टक्के, क्वचित पूर्ण शंभर. आता या शंभराची चिरफाड करायला हवी, कारण आजच्या व्याख्यानाचा गाभा माझ्या मते तोच आहे.

यातले बरेच निकाल एकाच संग्रहावरचे होते. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीत जमवलेले आवाज के एलेमेट्रिक्स कंपनीने 1994 मध्ये सीडीवर विकायला काढले. निरोगी 53 जण, रुग्ण 657. दुसरं काही मिळतच नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं जगाने हाच संग्रह वापरला. आता गंमत पाहा. यंत्राने काहीही न ऐकता प्रत्येकाला डोळे मिटून ‘रुग्ण’ म्हटलं, तरी 710 पैकी 657 उत्तरं बरोबर येतात, म्हणजे साडेब्याण्णव टक्के. हे झालं शेंबडं पोरही करील असं. पुढचं जास्त चिवट आहे. निरोगी माणसांचं रेकॉर्डिंग वेगळ्या ठिकाणी झालं होतं आणि रुग्णांचं वेगळ्या. निरोगी ‘आ’ सुमारे 3 सेकंदांचे ठेवले होते, रुग्णांचे सुमारे 1 सेकंदाचे. निरोगी आवाज सेकंदाला 50,000 नमुन्यांनी नोंदवले होते, रुग्णांपैकी बरेच 25,000 नी. आणि ज्यांना निरोगी म्हटलं होतं त्यांचे गळे डॉक्टरांनी तपासलेही नव्हते.

यंत्र प्रामाणिक असतं, पण आळशी असतं. त्याला फरक शोधायला सांगितला तर ते सगळ्यांत सोपा फरक शोधतं. खोलीचा गुंजारव वेगळा असेल तर ते खोली ओळखेल, माइक वेगळा असेल तर माइक. ‘ही अमुक खोलीत बसलेली व्यक्ती आहे’ हे त्याने ओळखलं आणि आपण त्याला ‘हिच्या स्वरतंतूंवर गाठ आहे’ असं वाचलं. 2006 मध्ये माद्रिदच्या साएन्स-लेचोन, गोदिनो-योरेन्ते आणि सहकाऱ्यांनी हे दोष एकेक करून मांडले आणि चाचणी कशी घ्यावी याचे नियम सुचवले. नंतर जर्मनीतल्या सारब्रुकनच्या विद्यापीठाचा संग्रह खुला झाला. दोन हजारांहून जास्त माणसं, 71 प्रकारचे विकार, आ-ई-ऊ तीनही स्वर वेगवेगळ्या पट्टीत, आणि एक छोटं जर्मन वाक्य. त्यावर तीच यंत्रं धापा टाकू लागली. बोस्टनच्या आवाजांवर शिकवलेलं यंत्र सारब्रुकनला नेलं की गुण आणखी घसरतात. गळ्याचे आजार अटलांटिक ओलांडल्यावर बदलत नाहीत, रेकॉर्डिंग बदलतं.

दुसरी फसगत पार्किन्सनच्या बाबतीत. या आजारात आवाज क्षीण, एकसुरी होतो आणि तो बदल कधीकधी हात थरथरायच्या आधी सुरू होतो, त्यामुळे कल्पना अगदी रास्त आहे. ऑक्सफर्डच्या मॅक्स लिटल यांनी त्यावर खरोखर चांगलं काम केलं आणि नमुने सर्वांसाठी खुले ठेवले. 31 माणसं, त्यांपैकी 23 पार्किन्सनचे, आणि एकूण 195 रेकॉर्डिंगं, म्हणजे माणशी सहा-सात. पुढे इंजिनिअरिंगच्या असंख्य विद्यार्थ्यांनी हा संच उचलला, 195 रेकॉर्डिंगांची सरमिसळ केली, काही शिकवायला घेतली, उरलेली परीक्षेला. परिणाम काय? एकाच माणसाचे चार ‘आ’ शिकवणीत आणि दोन परीक्षेत. क्लासमध्ये सोडवून घेतलेली गणितंच बोर्डाच्या पेपरात आली, तर पोरगं पहिलं येणारच. यंत्राने माणूस ओळखला, आजार ओळखलाच असं नाही. मी प्रकल्पांची परीक्षक म्हणून जाते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारते, ‘परीक्षेतली माणसं वेगळी होती की नुसती रेकॉर्डिंगं वेगळी?’ समोर शांतता पसरते.

तिसरी गोष्ट आपल्या दारातली. 2020 साली कोविडच्या धामधुमीत मुंबई महापालिकेने गोरेगावच्या नेस्को केंद्रात आवाजावरून कोविड ओळखण्याची चाचणी हाती घेतली होती, एका इस्रायली कंपनीच्या मदतीने. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतही ‘कोस्वरा’ नावाने खोकला, श्वास आणि आवाज जमवले जात होते. त्या दिवसांत कोणीही असा प्रयत्न केला असता, आणि तो करायलाच हवा होता. पण या प्रश्नाचा सर्वांत नेटका निवाडा झाला ब्रिटनमध्ये. तिथे 67,842 लोकांचे आवाज आणि त्यांचे प्रयोगशाळेतले कोविड अहवाल एकत्र तपासले. यंत्राचा गुणांक आला 0.85. या मोजपट्टीवर 1 म्हणजे अचूक आणि 0.5 म्हणजे छापाकाटा, तेव्हा 0.85 म्हणजे पेढे वाटण्यासारखं. मग संशोधकांनी वय, लिंग आणि लक्षणं सारखी असलेल्या माणसांच्या जोड्या लावल्या, एक कोविड असलेला आणि एक नसलेला. गुणांक 0.62 वर आला. यंत्राला कळत होतं ते एवढंच, की हा माणूस खोकतोय, याला बरं वाटत नाहीये. ते त्याला विचारूनही कळलं असतं.

आता ‘का’कडे येते. स्वरतंतू हलवणारी एक नस मेंदूकडून निघते ती सरळ गळ्यात थांबत नाही. डाव्या बाजूची नस छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर येऊन स्वरयंत्रात शिरते. 1897 मध्ये व्हिएन्नाच्या नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांचा आवाज बसला होता आणि मूळ दुखणं हृदयाच्या झडपेत होतं. झडप अरुंद झाल्याने छातीतले फुगलेले भाग या नसेवर दाब देत होते. आपल्याकडे संधिवाती तापाने खराब झालेल्या झडपा अजून दिसतात, त्यामुळे ही जुनी कथा नव्हे. तर डावा स्वरतंतू लुळा पडला की आवाजात हवा गळते, बोलताना दम लागतो, ‘आ’ तीन-चार सेकंदांत संपतो. हा आवाज थायरॉइडच्या ऑपरेशननंतर नस दुखावली तरी तसाच, फुप्फुसाच्या गाठीने नस दाबली तरी तसाच, विषाणूने नस निकामी झाली तरी तसाच. ध्वनीत फरकच नाही, तर यंत्र काय ओळखणार? त्याला कितीही लाख आवाज ऐकवा. इथे छातीचा एक्स-रे लागतो, सीटी स्कॅन लागतो, आणि आधी नाकातून दुर्बीण घालून तंतू हलतोय का ते बघावं लागतं.

उलटी बाजू जास्त भीतिदायक आहे. प्रत्यक्ष स्वरतंतूवर सुरू झालेला कर्करोग आवाज लवकर घोगरा करतो, म्हणून लवकर सापडतो आणि बरा होण्याची शक्यताही चांगली असते. पण तंतूंच्या वरच्या भागात सुरू झालेला कर्करोग बराच काळ आवाजाला हात लावत नाही. गिळताना टोचतं, कानात कळ मारते, मानेत गाठ येते, आवाज मात्र स्वच्छ. विडी ओढणाऱ्या माणसाने मोबाइलमध्ये ‘आ’ म्हटलं, हिरवी खूण आली आणि तो निश्चिंत होऊन घरी गेला, ही मला रात्री झोप न लागू देणारी कल्पना आहे.

आणि समजा यंत्र उत्तम आहे, 95 टक्के अचूक. समजा 10,000 लोकांच्या शिबिरात घशाचा कर्करोग असलेले 5 आहेत. यंत्र ते पाचही पकडील म्हणा. पण उरलेल्या 9,995 पैकी 5 टक्क्यांना, म्हणजे सुमारे 500 जणांना, ते विनाकारण घाबरवील. या पाचशेंना दुर्बिणीने कोण तपासणार? ज्या तालुक्यात कान-नाक-घसा तज्ज्ञ आठवड्यातून एकदा येतो, तिथे ही यादी खऱ्या रुग्णालाच रांगेत मागे ढकलील.

मग हे सगळं टाकून द्यायचं का? मुळीच नाही. मी रोज वापरते. फरक एवढाच, की मी यंत्राला अनोळखी माणसाबद्दल विचारत नाही, ओळखीच्या माणसाबद्दल विचारते. त्याच माणसाचा, त्याच खोलीत, त्याच माइकवर, तोंडापासून तेवढ्याच अंतरावर घेतलेला आवाज आधी कसा होता आणि आता कसा आहे? इथे खोली आणि माइक दोन्ही वेळी सारखे असल्याने यंत्राला पळवाट राहत नाही. गाठीवर सहा आठवडे आवाजाचे व्यायाम केले, सीपीपी वर गेलं का? इंजेक्शननंतर, ऑपरेशननंतर काय झालं? यात यंत्र माझ्यापेक्षा सरस, कारण मला सहा आठवड्यांपूर्वीचा आवाज आठवत नाही. खरं तर मला तो सुधारल्यासारखाच आठवतो, कारण उपचार मी केलेले असतात.

तरीही तीन सेकंदांचा ‘आ’ किती अपुरा पडतो ते सांगते. एक कीर्तनकारबुवा उपचाराला येत. सकाळी दहाला ओपीडीत त्यांचे आकडे स्वच्छ, मी खूश. बुवा म्हणाले, ‘ताई, सकाळी दहाला कीर्तन कुठं असतंय? रात्री अकराला अभंगाचं दुसरं चरण घ्यायला लागलो की वरचा सूर लागतच नाही.’ त्यांना मी कीर्तनाआधी आणि कीर्तन संपल्यावर लगेच, एकाच फोनवर, एकाच अंतरावरून पाच-पाच वाक्यं रेकॉर्ड करायला लावली. फोनची वर सांगितलेली सगळी पापं कायम होती, पण दोन्ही रेकॉर्डिंगांना ती सारखीच लागू होती. दोहोंतला फरक पडद्यावर स्पष्ट दिसला. थकवा हा बुवांचा आजार होता आणि तो ओपीडीच्या वेळात येत नव्हता.

याच दिशेने बोस्टनचे रॉबर्ट हिलमन, दर्युश मेहता आणि सहकारी बरीच वर्षं काम करताहेत. गळ्याच्या खालच्या भागावर एक छोटा संवेदक चिकटवायचा. तो हवेतला आवाज घेत नाही, कातडीखालचं कंपन घेतो आणि दिवसभराची नोंद फोनमध्ये ठेवतो. किती वेळ बोललात, किती जोरात, किती वरच्या पट्टीत. मला त्याचा एक गुण फार आवडतो. कंपनातून शब्द नीट उमगत नाहीत, त्यामुळे शिक्षिका वर्गात काय बोलली, घरी सासूला काय म्हणाली, हे कोणाला कळत नाही.

आपल्या भाषेचा एक वेगळाच पेच आहे. जरा ‘म्हातारा’ म्हणा. ‘न्हावी’, ‘कोल्हा’, ‘व्हायचं’. या म्ह, न्ह, ल्ह, व्ह मध्ये स्वरतंतू मुद्दाम अर्धवट मिटतात आणि आवाजाबरोबर श्वास सुटतो. घ, झ, ढ, ध, भ मध्येही तेच. घ-ध-भ सारखे ध्वनी इतर भारतीय भाषांतही आहेत, पण न्ह-म्ह सारखे अनुनासिक जगात विरळा. कॅन्सस विद्यापीठात केली बर्कसन यांनी 2013 मध्ये मराठीतल्या याच ध्वनींवर प्रबंध लिहिला, पाच पुरुष आणि पाच स्त्रियांचे उच्चार नोंदवून. त्यांनी वापरलेल्या मापांत सीपीपीही होतं, म्हणजे जे माप आम्ही दवाखान्यात आजार मोजायला वापरतो तेच तिथे निरोगी मराठी उच्चार मोजायला वापरलं. पुरुष आणि स्त्रिया हा श्वास वेगवेगळ्या रीतीने आणतात, असंही त्यांना दिसलं. आता इंग्रजी किंवा जर्मन बोलण्यावर बेतलेली हद्द आपण ‘म्हणून म्हटलं, न्हाऊन ये’ या वाक्याला लावली, तर निरोगी माणसाच्या सुटणाऱ्या श्वासालाही यंत्र बिघाड समजू शकतं. नुसता ‘आ’ घेतला तर हा प्रश्न येत नाही. बोलणं घेतलं, आणि ते घ्यायलाच हवं, तर मराठीची वाक्यं आणि मराठीच्या हद्दी आपल्यालाच ठरवाव्या लागतील.

म्हणजे आपला संग्रह लागेल. तो कसा असू नये हे बोस्टनने शिकवलंय. निरोगी आणि आजारी एकाच खोलीत, एकाच माइकवर घ्या. निरोगी म्हणवणाऱ्याचाही गळा दुर्बिणीने तपासा. एका माणसाची सगळी रेकॉर्डिंगं एकतर शिकवणीत ठेवा किंवा परीक्षेत. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणारे हवेत, आणि विकारांत नुसत्या गाठी नकोत, लुळे तंतू, थायरॉइड, पार्किन्सन सगळे हवेत. अमेरिकेत 2022 मध्ये सरकारी पैशावर ‘ब्रिज टू एआय’ नावाने असाच मोठा आवाजसंग्रह सुरू झाला. त्याच्या पहिल्या खुल्या आवृत्तीत मूळ आवाज दिलाच नाही, आवाजापासून काढलेले आलेख आणि मापं दिली. कारण नाव-पत्ता पुसला तरी आवाज ओळखू येतो. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षण कायदा झालाय, पण ओपीडीच्या गर्दीत ‘सही करा इथे’ एवढ्यावर घेतलेल्या संमतीला मी संमती म्हणणार नाही.

तोवर शाळा चालवणाऱ्यांसाठी एक सूचना आहे, खर्च जवळजवळ शून्य. शिक्षक नोकरीवर रुजू होताना त्यांची वैद्यकीय तपासणी होते. त्याच दिवशी शांत खोलीत, एका ठरलेल्या माइकवर, तोंडापासून वीतभर अंतरावर त्यांचा ‘आ’ आणि पाच मराठी वाक्यं रेकॉर्ड करा. फाइल शाळेच्या कपाटात ठेवू नका, त्यांच्याच हातात द्या. पंधरा वर्षांनी त्या बाई आमच्याकडे आल्या आणि आवाज चार आठवडे सुटलेला नसला, तर दुर्बीण आम्ही घालूच, तिला पर्याय नाही. पण त्या पेनड्राइव्ह घेऊन आल्या, तर आमच्या यंत्राला तुलनेसाठी जगातला सरासरी गळा वापरावा लागणार नाही.

आता प्रश्न असतील तर घेऊ. मागच्या रांगेतल्यांनी ओरडू नये, माइक तिकडे येतोय.